उकाड्यात हॅमॉक कॅम्पिंग: रात्री अंगाला वारा कसा लागेल?

पायवाट

नमस्कार मंडळी. थंडीतल्या हॅमॉक कॅम्पिंगवर, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगलेल्या झोळीत झोपण्यावर, भरपूर लिहिलं जातं. पाठ गारठू नये म्हणून खालून रजई कशी बांधायची, टार्प (वर छतासारखं ताणायचं कापड) किती खाली ओढायचा, सगळं सापडतं. उन्हाळ्याचा विषय निघाला की "तंबूपेक्षा हॅमॉक बरा" एवढंच सांगून लोक पुढे सरकतात. प्रत्यक्षात त्याच हॅमॉकमध्ये घामाने निथळत रात्रभर कूस बदलणारी माणसं मी पाहिली आहेत. आणि शंभरेक पावलांवर, जवळपास तशाच सामानात, दुसरा कुणी गाढ झोपलेला.

माझं मत आधीच सांगतो. फरक सामानाचा कमी आणि जागेचा, वाऱ्याचा जास्त असतो. झोपलेलं शरीर साधारण ७०-८० वॅट उष्णता सतत बाहेर टाकत असतं. तंबूत ती चार भिंतींत कोंडते. हॅमॉकला खालून-वरून हवा मिळते, आणि थंडीत आपण जिला शिव्या घालतो तीच पाठीखालची हवा उकाड्यात आपली खरी सोबतीण. पण ती हलली पाहिजे. त्वचेचं तापमान ३३ ते ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गार असेल तर नुसती झुळूकही उष्णता ओढून नेते. हवा तितकीच किंवा जास्त तापलेली असेल तर एकच वाट उरते, घाम वाळण्याची. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. ठिबकून खाली पडला तर जवळजवळ काहीच नेत नाही. म्हणून घाम किती येतो यापेक्षा किती वाळतो ते बघायला हवं.

तर जागा, कापड, जाळी, टार्प यांतलं वारा अडवणारं काय आणि त्यावर तुम्ही काय करता, हे ऐकायचं आहे. "हे विकत घ्या" अशा सल्ल्यापेक्षा "असं बांधा" असं सांगितलंत तर जास्त आवडेल.

डोंगरउतार

उत्तम विषय. जागेबद्दल मी लिहितो, कारण तिथे बहुतेकांचा गोंधळ होतो.

दुपारची जागा आणि रात्रीची जागा वेगळी असते. दुपारी दाट सावली हवी, म्हणून आपण गर्द झाडीत हॅमॉक टांगतो. ते बरोबरच आहे. पण त्याच जागी रात्र काढायला गेलं की फसगत होते. गर्द झाडी वारा अडवते, आणि दिवसभर साठलेली उष्णता आकाशाकडे निघून जाते तीही वरच्या पानांच्या छतामुळे अडकते. सूर्य कलला की हॅमॉक सोडून रानाच्या कडेला, विरळ झाडांत आणावा. झाडांना बांधलेले पट्टे सोडून पुन्हा बांधायला दहा मिनिटं लागतात. ही सोय तंबूवाल्याला नाही, तर ती वापरा ना.

दुसरी गोष्ट उताराची. सूर्यास्तानंतर जमीन भराभर निवते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होऊन उतारावरून खाली वाहू लागते. निरभ्र, शांत संध्याकाळी ही झुळूक स्पष्ट जाणवते. घळी आणि ओढ्यांच्या वाटा म्हणजे तिचे पाट. अशा घळीच्या तोंडाशी, पण काठावर उंच जागी हॅमॉक असला तर बाकी सगळीकडे पान हलत नसताना इथे वारा मिळतो. उलट वाटीसारख्या खोलगट जागी ही हवा येऊन साचते. आकडा पाहिला तर तिथे गार असतं, पण हवा थिजलेली, दमट, पहाटे दव आणि डासांचं राज्य. ओढ्याच्या पात्रात मात्र कधीही टांगू नका. वर कुठेतरी पाऊस झाला तर इथे चांदणं असतानाही पाणी येतं.

खिंड मिळाली तर सोनं. दोन उंचवट्यांमधून वारा दाबून जातो, त्यामुळे बाजूच्या धारेपेक्षा तिथे वेग जास्त असतो.

तिसरी गोष्ट दगडाची. पश्चिमेकडे तोंड केलेला कातळ दुपारभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता परत देत राहतो. संध्याकाळी जागा निवडताना मी कातळावर उलटा तळवा टेकवतो, मग पालापाचोळ्यावर, मग गवतावर. तीनही जागांमधला फरक हाताला लगेच कळतो. जिथे तळवा सुखावेल तिथे झाडं शोधायची. डोंगराच्या किंवा दाट झाडीच्या पश्चिमेला राहिलात तर सकाळचं ऊनही उशिरा पोचतं, म्हणजे झोप तासभर वाढते. पण मग दुपारचं ऊन तिथेच पडलेलं असतं. मी तरी रात्रीच्या गारव्याला पहिला मान देतो आणि पूर्वेचा उतार घेतो. उशिरापर्यंत झोपणारे उलटं ठरवू शकतात.

रानफूल

वाचतेय. खूण ठेवली आहे.

शिवणटीप

मी स्वतःचे हॅमॉक स्वतः शिवते, त्यामुळे कापडाबद्दल.

हॅमॉक मूळचाच उष्ण, दमट प्रदेशांतला. १४९२ च्या ऑक्टोबरमध्ये कोलंबसने बहामाच्या लोकांच्या झोपण्याच्या जाळ्यांची नोंद केली आहे, आणि त्या सुताच्या होत्या. ढिल्या विणीच्या जाळीदार हॅमॉकला उकाड्यात आजही तोड नाही, कारण पाठीला टेकतो तो फक्त दोरा, मधली सगळी हवा. अडचणी तीन: वजन, भिजला की वाळायला लागणारा वेळ, आणि डास. पाठीवर सामान घेऊन चालायचं नसेल, गाडी जवळ असेल, तर हाच घ्या.

पाठीवर न्यायचा असेल तर पातळ नायलॉन किंवा पॉलिस्टर, एकेरी थराचा. दुहेरी थराचे हॅमॉक थंडीत चटई सरकवायला सोयीचे पडतात. उन्हाळ्यात दोन थरांमधली हवा आपल्याला नकोशी ऊब देते.

पण माझ्या मते कापडापेक्षाही बांधणी महत्त्वाची. हॅमॉक ताणून बांधला की दोन्ही कडा वर येतात आणि कापड खांद्यांना लपेटून बसतं. मग तुम्ही कापडी नळीत झोपलेले असता, बाजूने वारा येणार कुठून? पट्टे आडव्या रेषेपासून सुमारे ३० अंशांत उतरू द्या, हॅमॉकला पोट सुटू द्या, आणि मधल्या रेषेशी तिरके झोपा. डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. पाठ जवळपास सपाट होते आणि कडा खाली पडतात. हॅमॉकची दोन टोकं जोडणारी वरची आधाराची दोरी वापरत असाल तर तिची लांबी हॅमॉकच्या लांबीच्या ८३ टक्क्यांच्या आसपास ठेवायचा रिवाज आहे. ३३५ सेंटीमीटरच्या हॅमॉकला साधारण २७८. तिथून सुरुवात करून आपल्या अंगाला बेतून थोडं मागेपुढे करा.

उघड्या अंगाने नायलॉनवर झोपू नका. घाम कापड आणि कातडीच्या मध्ये अडकतो, पाठ चिकटते. सैल, पातळ कपडा किंवा विरळ सुती चादर मध्ये असली की घाम पसरतो, आणि पसरला की वाळतो.

कोरडवाट

शिवणटीप यांच्या तिरक्या झोपण्याला पूर्ण अनुमोदन. त्यात दिशेची भर घालतो. वारा ज्या बाजूने येतो त्याला हॅमॉक आडवा टांगा, म्हणजे वारा तुमच्या कुशीवर येईल आणि अंगभर फिरेल. डोक्याकडून किंवा पायांकडून आला तर गोळा झालेलं कापडच त्याला अडवतं. पावसाळी, गार रात्री आपण याच्या बरोबर उलट करतो, म्हणून हाताला जुनी सवय असते.

गारव्यासाठी मी ओली चादर वापरतो. पातळ सुती चादर भिजवायची, घट्ट पिळायची आणि वाऱ्याच्या बाजूला हॅमॉकपासून हातभर अंतरावर दोरीवर टांगायची. तिच्यातून येणारी झुळूक चांगलीच गार लागते. एक ओलं फडकं मानेवर आणि एक पावलांवर. झोप लागायची असेल तर शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि ती उष्णता बरीचशी हातापायांच्या त्वचेतून बाहेर पडते. म्हणून उकाड्यात पाय झाकून ठेवू नयेत. कुणालाही हाच उपाय सांगेन.

दमटदुपार

कुणालाही नको, कोरडवाट. मी जिथे कॅम्पिंग करते तिथली हवा रात्रभर ओलीचिंब असते, आणि तिथे ओली चादर टांगली तर सकाळी ती तितकीच ओली मिळते. वर हॅमॉकभोवतीची हवा आणखी दमट होते, म्हणजे अंगावरचा घाम वाळायचा तोही वाळत नाही.

ओल्या कापडाने जास्तीत जास्त किती गार होता येईल, त्याची एक मर्यादा असते, तिला ओल्या फुग्याचं तापमान म्हणतात. हवा ३८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल तर ही मर्यादा साधारण २१ अंशांवर येते. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर ती ३० च्या जवळपास. म्हणजे आकड्याने सहा अंश गार असलेली दुसरी हवाच शरीराला जास्त जड जाते. तुमची आणि माझी रात्र एका उपायाने सुटणार नाही.

मोजायचं असेल तर सोपं आहे. साध्या थर्मामीटरच्या टोकाला ओलं सुती फडकं गुंडाळा, दुसऱ्या टोकाला दोरी बांधून दोनतीन मिनिटं हवेत फिरवा आणि लगेच वाचा. कोरड्या थर्मामीटरपेक्षा आकडा बराच खाली गेला असेल तर ओलं कापड वापरा. दोनतीन अंशांचाच फरक पडला तर कापड कोरडं ठेवा आणि फक्त वाऱ्यामागे लागा.

दमट हवेत माझा क्रम असा असतो: मुक्कामी लवकर पोचायचं, अंगमेहनतीचं सगळं काम अंधारापूर्वी तासभर आधी संपवायचं, मग अंग धुऊन मिठाचा थर काढायचा. खारट, चिकट त्वचेवर झोप येत नाही. धुतल्यावर टॉवेलने खसखसून पुसू नये, वाऱ्यात उभं राहून वाळू द्यावं. आणि सुती कपडे तिथे लवकर ओले होतात आणि ओलेच राहतात, म्हणून झोपताना मी पातळ सिंथेटिक घालते.

कोरडवाट

मान्य. मी कोरड्या हवेतला माणूस, तिथलंच लिहिलं. थर्मामीटर फिरवून बघण्याची युक्ती फार आवडली. सामानात थर्मामीटर असतोच, या कामी कधी वापरला नव्हता.

पायवाट

दमटदुपार, मनापासून धन्यवाद. कोरडा उकाडा आणि दमट उकाडा यांचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध जातात, हे कुणी इतक्या स्पष्टपणे सांगत नाही.

आता जाळीचं बोलूया का? माझा मोठा प्रश्न तिथेच आहे. जाळी लावली की वारा निम्मा झाल्यासारखा वाटतो, आणि न लावून चालत नाही.

शिवणटीप

जाळीतही प्रकार आहेत. अगदी बारीक चिलटांसाठी असते ती दाट विणीची जाळी वारा बराच अडवते. फक्त डास असतील तर साधी मच्छरदाणीची वीण पुरते आणि तिच्यातून हवा चांगली खेळते. दुसरं म्हणजे जाळीचा आकार. अंगालगतची, हॅमॉकला शिवलेली जाळी कमी जागा घेते, पण हवाही कमी घेते. हॅमॉकभोवती सगळीकडून सोडलेली, बाजूंना दोरीने ताणून फुगवलेली जाळी घेतली तर वाऱ्याला आत यायला जास्त क्षेत्रफळ मिळतं. अंगाला टेकलेल्या जाळीतून डास खुशाल चावतो, तोही प्रश्न मिटतो.

उन्हाळ्यातली खास अडचण पाठीची आहे. थंडीत खाली रजई असते, डासाची सोंड तिच्यातून पोचत नाही. उन्हाळ्यात रजई काढली की पातळ नायलॉन पाठीवर ताणून बसलेलं, आणि डास खालून येऊन चावतात. सकाळी बघा, दोन्ही खांदेफळांवर आणि ढुंगणावर, म्हणजे जिथे कापड सगळ्यात घट्ट बसतं नेमक्या तिथे, गांधी उठलेल्या असतात. कमरेच्या खळगीत एकही नाही. हे दिसलं तर वरची जाळी बदलून काही होणार नाही, हॅमॉकला खालूनही घेरणारी जाळी लागेल.

दुसरा उपाय परमेथ्रिन या कीटकनाशकाचा. कपड्यांसाठी आणि सामानासाठी मिळणारं ०.५ टक्क्यांचं द्रावण हॅमॉकच्या खालच्या बाजूला फवारायचं आणि पूर्ण वाळल्यावरच वापरायचं. हे अंगाला लावायचं औषध नाही. माशांना ते अतिशय घातक आहे, म्हणून ओढ्या-तळ्याजवळ फवारू नका. घरी मांजर असेल तर ओलं असेपर्यंत तिला जवळ येऊ देऊ नका. अंगाला लावायचं डासरोधक डीट वेगळं. ते नायलॉनला काही करत नाही, पण प्लास्टिक, रेयॉन आणि स्पॅन्डेक्स खराब करतं. पिकारिडिन या दुसऱ्या डासरोधकाला ती अडचण नाही.

डासांमुळे आजार पसरतात अशा भागात उकडतंय म्हणून जाळी काढून झोपू नये. तिथे वारा दुसऱ्या मार्गाने मिळवा.

रात्रपाळी

पंखा! यूएसबीवर चालणारा छोटा पंखा वरच्या दोरीला टांगा, छातीच्या वर, किंचित पायांकडे झुकवून. जाळीच्या आत हवा थांबलेली असते, ती ढवळली जाणं एवढंच काम असतं, त्यामुळे सर्वात कमी वेगही पुरतो. अडीच वॅटचा पंखा दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेवर रात्र काढतो. पॉवर बँक दिवसा उन्हात किंवा तापलेल्या बॅगेत ठेवू नका.

पांढरीपेटी

पंख्याबद्दल एक सावधगिरी. हवा त्वचेपेक्षा गरम असेल तर पंखा गरम हवाच अंगावर मारतो, आणि फायदा फक्त घाम वाळण्यापुरता उरतो. ४० अंशांच्या वर पंख्यावर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे. रात्री सहसा इतकं तापमान नसतं, पण दुपारी हॅमॉकमध्ये पंखा लावून पडणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. त्या वेळी अंग आणि कपडे ओले करून मग पंखा लावावा.

मी प्रथमोपचार शिकवते, म्हणून धाग्यात अजून न आलेलं थोडं लिहिते. धागा गार झोपेचा आहे, पण उकाड्यात मुक्काम केला की हे माहीत असायलाच हवं.

चक्कर, मळमळ, डोकेदुखी, भरपूर घाम, गळून जाणं ही उष्णतेने थकल्याची लक्षणं. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला, शुद्धीवर असेल तर घोटघोट पाणी द्या. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखीनासा वागू लागला, झोकांड्या जाऊ लागल्या किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असू शकतं. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असं मानू नका. मेहनत करताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलं असू शकतं. मदतीला फोन लावा आणि मदत येईपर्यंत थांबून राहू नका, जागच्या जागी थंड करायला सुरुवात करा. गार पाण्यात गळ्यापर्यंत बसवता आलं तर सर्वोत्तम, डोकं धरून ठेवायचं. नाहीतर जमेल तितकं पाणी ओतत राहा आणि वारा घाला. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात काहीही घालू नका.

पाण्याचं: तहान लागेपर्यंत थांबू नये हे सगळे सांगतात, पण नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं आहे. चालताना दर १५-२० मिनिटांनी एक पेलाभर, आणि तासाला सुमारे १.४ लिटरच्या पुढे जाऊ नये. जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम उतरलं तर लक्षणं उष्णतेच्या त्रासासारखीच दिसतात आणि माणूस आणखी पाणी पीत राहतो. खूप घाम गेला असेल तर जलसंजीवनीची पुडी बरी. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

शरीराला उकाड्याची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. थंड हवेतून येऊन पहिल्याच दिवशी लांबचा पल्ला घेऊ नका. दारूने हे सगळं बिघडतं. आणि काही औषधांनी, सर्दीच्या काही गोळ्यांनीसुद्धा, घाम कमी होतो. नेहमीची औषधं चालू असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

पायवाट

पांढरीपेटी, हा प्रतिसाद मी वेगळा उतरवून ठेवतो आहे. आमच्या गटात सगळ्यांना पाठवणार.

डोंगरउतार

टार्प राहिला. उन्हाळ्यात टार्पचं मुख्य काम दुपारी असतं, आणि तिथे साधी चूक होते. टार्प डोक्याजवळ बांधला जातो. ऊन खाऊन तो तापतो आणि ती उष्णता खाली आपल्यावर टाकतो. हात लावायची गरज नाही, चेहऱ्याला धग जाणवते. तो उंच बांधा, हात वर करूनही टेकणार नाही इतका, आणि एक बाजू काठ्यांवर ओसरीसारखी उचलून धरा. त्याहून चांगलं म्हणजे दोन थर. वर टार्प, खाली वीतभर अंतर सोडून एखादी पातळ चादर. वरचा थर तापतो, मधून वारा जातो, खालचा थर बराच गार राहतो. अंतर न सोडता एकावर एक घातले तर फायदा होत नाही.

रात्री आकाश निरभ्र असेल तर टार्प काढूनच टाकावा. उघड्या आकाशाखाली अंगाची उष्णता वरच्या दिशेला निघून जाते. पहाटे दव पडेल, हे मात्र धरून चाला. आणि पूर्ण काढायचाही नाही. कापडी नळीत गुंडाळून वरच्या दोरीवर तसाच बांधून ठेवा, चारही खुंटे आधीच ठोकून. थेंब पडले की नळी सरकवायची आणि कोपरे अडकवायचे. सिलनायलॉनचा (सिलिकॉनचा लेप दिलेल्या नायलॉनचा) टार्प भिजला की सैल पडतो, पुन्हा ताणावा लागतो. पॉलिस्टरचा फारसा सैल पडत नाही.

झाडांबद्दल एक. वाळकी फांदी वर नाही ना, हे सगळेच बघतात. पण कडक उन्हाळ्यात, वारा नसताना, दिसायला निरोगी जाड फांदीही अचानक तुटून पडल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे दुपारी मोठ्या वृक्षाच्या लांब, आडव्या फांदीखाली टांगू नका. दोन मध्यम झाडं बरी.

दमटदुपार

ढगाळ, दमट रात्री मात्र टार्प काढून फार काही मिळत नाही. ढग स्वतःच उष्णता परत धाडतात. तेव्हा फक्त वाऱ्याला आडवा येणार नाही इतका उंच ठेवायचा.

रानफूल

एक विचारू? पहिल्या प्रहरी उकाड्याने झोप नाही आणि पहाटे थंडी वाजून जाग येते, असं मला नेहमी होतं. एकाच रात्रीत दोन्ही. काय करावं?

शिवणटीप

रानफूल, बऱ्याच जणांना होतं, आणि कारण सरळ आहे. हवा सर्वात गार होते ती सूर्योदयाच्या आगेमागे, आणि शरीराचं आतलं तापमानही पहाटेच्या आधी तळाला गेलेलं असतं. त्यात आपण पाठीखालून वारा यावा म्हणून सगळी तजवीज केलेली. हवा २० अंशांच्या आसपास उतरली तरी पातळ हॅमॉकमध्ये पाठ गार पडते, अंगावर पांघरूण घेतलं तरी पडते. वरून पांघरून उपयोग नाही, अडवायचा असतो तो खालचा वारा.

म्हणून एक पातळ फोमची चटई किंवा अंगभर चादर वरच्या दोरीला पिशवीत टांगून ठेवा, हात लांबवला की मिळेल अशी. जाग आली की ती पाठीखाली सरकवायची. पाठीखाली ओढायला अंधारात त्रास होतो, तेव्हा एकदा उजेडात सराव करा. मी हॅमॉकच्या खाली बाहेरून हलकं कापड बांधते. संध्याकाळी ते एका बाजूला गुंडाळलेलं असतं आणि पहाटे झोपल्या झोपल्या दोरी ओढली की खालून पसरतं.

रानफूल

दोरीची कल्पना करून बघते. मी इतके दिवस वरून पांघरूणं वाढवत होते.

पहिलीझोळी

नवीन सदस्य आहे, पूर्ण धागा वाचला. माझ्याकडे दुहेरी थराचा हॅमॉक आहे, अंगालगत शिवलेल्या दाट जाळीचा. उन्हाळ्यासाठी दुसरा घ्यावा का? आणि रात्री गडगडाट सुरू झाला तर टार्प पुरेसा आहे का?

पायवाट

पहिलीझोळी, स्वागत. दुसरा प्रश्न आधी घेतो. विजांपासून टार्प वाचवत नाही, आणि हॅमॉक तर दोन झाडांना बांधलेला असतो. गडगडाट ऐकू आला की उतरा आणि पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर ३० मिनिटं तरी परत येऊ नका. जवळ असं काही नसेल तर तशा हवामानात त्या जागी मुक्कामच करू नका. अंदाज निघण्यापूर्वी बघता येतो.

हॅमॉक नवीन लगेच नको. तुमच्यावर दोन थर असल्यामुळे डास खालून चावण्याचा त्रास कमी होईल, ही जमेची बाजू धरा. तिरकं झोपून बघा, पट्टे थोडे सैल सोडा, हॅमॉक वाऱ्याला आडवा करा, आणि जाळीला बाहेरून दोन्ही बाजूंना दोरीने ताण द्या म्हणजे ती फुगेल. रानाच्या कडेला टांगा. एवढं करूनही उकडलं तर मग एकेरी थराचा आणि वेगळ्या साध्या जाळीचा विचार करा.

पट्टे मात्र आत्ताच तपासा. हॅमॉकसोबत बारीक दोरी आली असेल तर ती साल कापते. किमान अडीच सेंटीमीटर रुंद पट्टे घ्या, पाच असतील तर आणखी चांगले. तुमच्या पट्ट्यांची लांबी किती आहे ते कळवा, म्हणजे किती अंतरावरची झाडं चालतील ते सांगता येईल.